तपासणीला माणूस नेमताना: शिक्षण किती, प्रशिक्षण किती आणि हात बसला हे ओळखायचं कसं

प्रश्न असा आहे: एका संस्थेला दोन तालुक्यांत तिशीपुढच्या लोकांची रक्तदाब, रक्तातली साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग अशी तपासणी सुरू करायची आहे. कुठल्या शिक्षणाची माणसं घ्यावीत, त्यांना किती दिवस शिकवावं आणि कोणतं प्रमाणपत्र चालतं?

आधी सरकारी व्यवस्था कशी बसवली आहे ते पाहू, कारण तुम्हाला शेवटी तिच्याशीच जोडून घ्यावं लागणार आहे. या पाच आजारांची लोकसंख्येवर आधारित तपासणी २०१६-१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आली. तिच्यात कामाची वाटणी स्पष्ट आहे. आशा घरोघरी जाऊन सीबॅक, म्हणजे या आजारांचा धोका गुणांत मोजणारा, अर्ज भरते, कंबर मोजते आणि लोकांना उपकेंद्रावर आणते. आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर मोजतात, तोंड आणि स्तन तपासतात. गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर करतात, तीही खाजगीपणा, उजेड आणि निर्जंतुकीकरणाची सोय असेल तिथेच. निदान करणं आणि औषध सुरू करणं हे वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम. रक्तदाब आणि साखर दरवर्षी, कर्करोगाची तपासणी पाच वर्षांतून एकदा.

शिक्षणाच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. एएनएम हा आरोग्यसेविकेचा, बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम हा नर्सिंगच्या पदविकेचा तीन वर्षांचा, बीएससी नर्सिंग चार वर्षांचा. तिघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी आणि ती चालू आहे का हे नेमणुकीआधी पाहायलाच हवं. नुसती पदवी दाखवणाऱ्या, नूतनीकरण राहून गेलेल्या नर्स बऱ्याच सापडतात. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपल्याकडे बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएससी नर्सिंग झालेले लोक येतात. सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यांच्यासाठी आहे, आणि नव्या बीएससी नर्सिंगमध्ये तो भाग आतच घातलेला आहे. सेवेत असलेल्यांचं एनसीडीचं, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचं, प्रशिक्षण मात्र मोजक्या दिवसांचं असतं: आशाचं पाच दिवसांचं, आरोग्यसेविकेचं तीन दिवसांचं. तुमच्या मूळ प्रश्नाची मेख इथेच आहे. तीन दिवसांत विषय कळतो, हात बसत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आपल्या राज्यातलाच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. गर्भाशयमुखाची ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी, म्हणजे व्हीआयए, त्यात कमीत कमी दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनी केली. त्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनी या कर्करोगाचे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३१ टक्के कमी निघाले. याच्या शेजारी उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा अभ्यास ठेवा. १९९९ मध्ये तो सुरू झाला. तिथे आयुष्यात एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही, पण एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीने, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की नेमणुकीसाठी दोन गोष्टी हाती लागतात. एक, शिक्षण दहावीचं असलं तरी चालतं, पण प्रशिक्षण लांब आणि देखरेख सतत हवी. दोन, व्हीआयए ही करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असलेली तपासणी आहे. ती एका शिबिरात उरकायची गोष्ट नाही.

म्हणून प्रमाणपत्र कोणतं, या प्रश्नाचं उत्तर असं देईन: कायद्यासाठी नोंदणी पाहा आणि कामासाठी हात पाहा. संस्थेच्या एका पथकात एक नोंदणीकृत नर्स, शक्यतो जीएनएम किंवा बीएससी, आणि तिच्यासोबत दोन-तीन स्थानिक स्त्रिया, दहावी-बारावी झालेल्या, हे पुरतं. डॉक्टर रोज लागत नाही, पण आठवड्यातला ठरलेला दिवस आणि फोन यासाठी एक एमबीबीएस बांधलेला हवा. तोंडाच्या तपासणीत शंका आलेल्यांसाठी एक दंतवैद्यही. शिरेतून रक्त काढायचं असेल तर डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, झालेला तंत्रज्ञ घ्या. प्रयोगशाळेचा अहवाल पॅथॉलॉजिस्टच्या सहीनेच गेला पाहिजे. मॅमोग्राफीची गाडी आणायची असेल तर मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि चालवायला पात्र रेडिओग्राफर हवा, आणि तो खर्च सुरुवातीला परवडत नाही.

आता शिकवायचं काय. रक्तदाबापासून सुरुवात करा. सगळ्यांना तो येतो असं वाटतं आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. माणूस चालत आला की लगेच पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा पायावर पाय नाही, हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवलेला. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी झाली असेल तर थांबायचं. लघवीला जाऊन यायला सांगायचं. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा १० पर्यंत चढतो, हात अधांतरी असला तरी तितकाच. मोजताना बोलायचं नाही, आणि हे रुग्णापेक्षा कर्मचाऱ्याला जास्त बजावावं लागतं, कारण नाव, गाव, वय तेव्हाच विचारायची सवय असते. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची बाही घट्ट असेल आणि ती वर गुंडाळली, तर दंडाला आवळपट्टीच बसते. अशा वेळी पडद्याआड नेऊन बाही काढायला सांगणं किंवा पातळ बाहीवरूनच पट्टा बांधणं बरं.

पट्ट्याचं माप हा वेगळा धडा. दंडाचा घेर टेपने मोजायचा: साधारण २७ ते ३४ सेंटीमीटरला मध्यम पट्टा, त्याच्यावर मोठा, २२ ते २६ ला लहान. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो आणि धडधाकट माणूस रक्तदाबाचा रुग्ण म्हणून नोंदला जातो. बाजारातून मशीनबरोबर एकच पट्टा येतो, म्हणून खरेदीच्या यादीत मोठा पट्टा आठवणीने लिहा. दोन मापं, मध्ये एक मिनिट. १४०/९० किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, मगच रुग्ण म्हणायचं. १८०/११० किंवा वर असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं असेल तर थेट रुग्णालयात. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीनच्या आकड्यावर विसंबू नये, हे प्रत्येकीला माहीत हवं.

यातून दिवसाला किती लोक होतात याचा हिशेब नीट करा. पाच मिनिटं बसणं, दोन मापं, नोंद, यात एका माणसाची दहा मिनिटं सहज जातात. चार खुर्च्या आधीच मांडून विश्रांतीची रांग वेगळी ठेवली तर मोजणारीची फक्त चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे तासाला बारा-तेरा माणसं. एका नर्सने एका सकाळी शंभर जणांची सगळी तपासणी केली असं कागद सांगत असेल, तर कागदाला विचारा.

ग्लुकोमीटर शिकवायला सोपं आणि बिघडवायलाही सोपं. बोट साबणाने धुऊन कोरडं करायचं. आंबा किंवा चहा-बिस्किट खाऊन तसंच बोट पुढे केलं तर त्वचेवरची साखर पट्टीत जाते आणि आकडा भलताच येतो. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यायचं. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मध्यभागी नाही. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. बोट पिळून काढलेल्या थेंबात रक्तासोबत पेशींमधलं पाणीही येतं. रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणं काही दुर्मीळ नाही. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या उघडल्यावर तीन महिने टिकतात, नक्की किती ते डबीवर पाहायचं. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच चालतात. मे महिन्यात विदर्भात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेलं मशीन दुपारी एरर दाखवतं किंवा, त्याहून वाईट, चुकीचा आकडा देतं. आठवड्याला कंट्रोल सोल्युशनने, म्हणजे साखरेचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाने, मशीनची तपासणी, आणि महिन्यातून एकदा दहा-वीस जणांचं रक्त त्याच वेळी प्रयोगशाळेत पाठवून ताडून पाहणं. १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांहून जास्त फरक वारंवार येत असेल तर मशीन बाजूला ठेवा.

तपासणीत जेवणाचा विचार न करता घेतलेली साखर १४० च्या वर आली की पुढे पाठवायचं. हे निदान नाही. निदान उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अशा प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर डॉक्टर करतील. “तुम्हाला शुगर आहे” हे वाक्य तपासणाऱ्याच्या तोंडून येता कामा नये. लॅन्सेट एका माणसाला एकच, आणि वापरल्यावर लगेच पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. पेनसारख्या टोचणीची सुई बदलून तेच पेन सगळ्यांना वापरणंही टाळा, पेनच्या तोंडालाही रक्त लागतं.

सीबॅक अर्ज दिसायला सोपा. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरातला इतिहास, यांचे गुण मोजायचे आणि बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलवायचं. ४ किंवा कमी आले म्हणून तपासणी नको, असा अर्थ लावला जातो, तो चूक. तिशीपुढचा प्रत्येक जण तपासायचाच आहे, गुण फक्त क्रम ठरवायला. खरी अडचण तंबाखूच्या प्रश्नावर येते. “तंबाखू खाता का?” याला बाई “नाही” म्हणते, आणि रोज सकाळी दातांना मशेरी लावते. ती तिच्या लेखी तंबाखू नाहीच. म्हणून नाव घेऊन विचारायला शिकवा: मशेरी, मावा, गुटखा, चुना-तंबाखू, विडी, आणि नागपूर-चंद्रपूरकडे असाल तर खर्रा. कंबर साडीच्या निऱ्यांवरून मोजली तर तीन-चार सेंटीमीटर वाढते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडलेल्या अवस्थेत, पातळ कपड्यावरून टेप. बायकांत ८० च्या वर एक गुण, ९० च्या वर दोन. पुरुषांत ९० आणि १००.

तोंडाची तपासणी कुठल्याही शिकलेल्या कर्मचारीला जमते, फक्त क्रम मोडता कामा नये. हातमोजे, चांगला टॉर्च, दोन लाकडी पट्ट्या किंवा आरसे. कवळी काढायला सांगायची, चूळ भरायला लावायची. मग ओठ, ओठांची आतली बाजू, उजवा गाल, डावा गाल, हिरड्या, जिभेचा वरचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू. जिभेच्या कडा पाहायला जीभ गॉजने धरून बाजूला ओढावी लागते. लाज किंवा घाई असली की नेमकं हेच राहतं, आणि कर्करोग तिथेच बसलेला सापडतो. पांढरा चट्टा पट्टीने खरवडून निघत नसेल, लाल मखमली चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, गालात कडक पट्टे हाताला लागत असतील, तर पुढे पाठवायचं. तोंड किती उघडतं ते रुग्णाच्या स्वतःच्या तीन बोटांनी पाहायचं. उभी तीन बोटं जात नसतील तर गुटखा-सुपारीमुळे होणाऱ्या घट्टपणाचा संशय घ्यायचा.

स्तनतपासणी स्त्री कर्मचारीनेच करायची, पडद्याआड, दुसरी स्त्री सोबत ठेवून. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मध्यम आणि खोल असा तिहेरी दाब देत, उभ्या पट्ट्यांनी काखेपर्यंत जायचं. सिलिकॉनच्या मॉडेलवर आधी सराव द्या. गाठ कशी लागते हे कळल्याशिवाय खऱ्या बाईवर हात शिकत नाही. मुंबईच्याच त्या अभ्यासात या तपासणीने सर्व वयांत मिळून मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरली नाही, पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र ती साधारण ३० टक्के दिसली. तेव्हा मनुष्यबळ मर्यादित असेल तर पन्नाशीपुढच्यांना आधी घ्या.

व्हीआयए सगळ्यात शेवटी शिकवा, आणि सगळ्यांना शिकवू नका. निवडक नर्सना द्या. ५ टक्के द्रावण रोज ताजं करायचं: ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड, उलट नाही. बाटलीवर टक्केवारी आणि तारीख. पातळ न केलेल्या ॲसिडची बाटली चुकून हाती आली तर गर्भाशयमुख भाजतं, म्हणून ती तपासणीच्या खोलीत ठेवूच नका. द्रावण लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळाकडे पाहून. वीस सेकंदांत पाहिलं तर पांढरेपणा अजून उमटलेला नसतो. गर्भाशयमुखाच्या आतल्या आणि बाहेरच्या पेशीस्तरांच्या सीमारेषेला चिकटलेला, दाट, स्पष्ट कडेचा पांढरा भाग म्हणजे पॉझिटिव्ह. फिकट, पुसट, सीमेपासून दूर असेल तर नाही. मासिक पाळीत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पहिल्या बारा आठवड्यांत करायची नाही. पाळी गेलेल्या बायकांत ती सीमारेषा आत सरकते, दिसतच नाही, आणि न दिसलेल्या जागेला “निगेटिव्ह” लिहिणं ही सर्रास होणारी चूक. अशा वेळी “तपासणी अपुरी” असं लिहायचं आणि एचपीव्ही चाचणीसाठी पाठवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्हीलाच पहिली पसंती दिली आहे. नमुना बाईला स्वतः घेता येतो, त्यामुळे तुमच्याकडे निधी असेल तर प्रशिक्षणाचा बराच भार उतरेल.

स्पेक्युलम, म्हणजे व्हीआयएसाठी योनीमार्ग उघडून धरायचं साधन, मोजून न्या. तीस बायका येणार असतील तर पस्तीस निर्जंतुक संच. दहा संच घेऊन गेलेलं पथक दुपारी नुसत्या ब्लीचमध्ये बुडवून तेच पुन्हा वापरतं. क्लोरीनच्या ०.५ टक्के द्रावणात दहा मिनिटं ही पहिली पायरी आहे. त्यानंतर धुणं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं, चुकत नाही.

दिवसांचा हिशेब मी असा धरेन. पाच दिवस वर्गात, त्यातले तीन हातांना काम देणारे. मग दोन आठवडे अनुभवी नर्सच्या बाजूला उभं राहून गावात. रक्तदाबासाठी दोन तोंडांचा स्टेथोस्कोप वापरा, शिकवणारी आणि शिकणारी एकाच वेळी ऐकतात आणि आकडा वेगवेगळ्या कागदावर लिहितात. सलग वीस मापांत फरक ४ च्या आत राहिला की ती पास. व्हीआयएसाठी वेगळे चार आठवडे, कर्करोग रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात. नोएडाच्या राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्थेचे ऑनलाइन वर्ग विषय समजायला चांगले, पण ते हाताला पर्याय नाहीत. इथे एक साधं गणित अडतं. शंभरात पाच जणी पॉझिटिव्ह निघतात असं धरलं, तरी पन्नास बायका तपासून शिकणारीला दोन-तीनच खऱ्या पॉझिटिव्ह दिसतात. तेवढ्यावर नजर तयार होत नाही, म्हणून छायाचित्रांचा संच घेऊन दीड-दोनशे चित्रांवर परीक्षा घ्या.

परीक्षा तोंडी नको, लेखी तर नकोच. आठ-दहा ओळींची यादी करून प्रत्यक्ष काम बघा: पाच मिनिटं बसवलं का, घेर मोजला का, हात टेकवला का, गप्प राहिली का. वाईट बातमी कशी सांगते हेही बघा. “गाठ आहे, कॅन्सर असेल” असं न म्हणता “आणखी एक तपासणी करून घ्यायला हवी, अमुक दिवशी अमुक ठिकाणी, मी सोबत येते” हे तिला सहज म्हणता यायला हवं.

त्यानंतर देखरेख. दर महिन्याला प्रत्येकीच्या नोंदवहीतले रक्तदाबाचे शेवटचे अंक मोजा. डिजिटल मशीनवर शून्य दहात एकदाच यायला हवं. निम्म्या नोंदी शून्याने संपत असतील, पानभर १२०/८० असतील, तर मशीन लावलंच गेलेलं नाही. १३८-१३९ वर गर्दी आणि १४० च्या पुढे अचानक शुकशुकाट दिसला, तर पुढे पाठवायचा त्रास टाळला जातोय असं समजा. बहुतेकदा त्याचं कारण आळस नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलेल्या माणसाला औषधच मिळालं नाही आणि तो येऊन तिलाच चार शब्द सुनावून गेला, असं झालेलं असतं. व्हीआयएत एखादीच्या दोनशे बायकांत एकही पॉझिटिव्ह नसेल, किंवा दर चौथी असेल, तर तिला पुन्हा आठवडाभर प्रशिक्षकाच्या बाजूला बसवा. रक्तदाब-साखरेची उजळणी सहा महिन्यांनी, व्हीआयएची तीन महिन्यांनी. लोकांच्या आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख, क्रमांकाचे आणि अहवालांचे फोटो पथकाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला पहिल्याच दिवशी बंदी घाला. नंतर ती सवय मोडत नाही.

सुरू करण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी लेखी ठरवून घ्या की पुढे पाठवलेले लोक कोणत्या वारी, कोणत्या केंद्रात, कोणाकडे जातील, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचा आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा साठा किती आहे, आणि तुमच्या नोंदी एनसीडी पोर्टलवर कोण चढवेल. हे पत्र हातात येईपर्यंत नेमणुका करा, प्रशिक्षण द्या, पण गावात मशीन नेऊ नका.